नवीन पाच माणसं मस्टरवर घ्यायची आहेत: पीएफ, कराची वजावट आणि भरायचे कागद (कुपवाड, सांगली)

कुपवाडकर · 4 नोव्हेंबर 2025, रात्री 10.15

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. भागीदारी फर्म, मी आणि धाकटा भाऊ. पंपाची कास्टिंग येतात, टर्निंग-ड्रिलिंग होऊन परत जातात. दिवाळीआधी जुन्या गिऱ्हाइकानं काम दुप्पट देतो म्हणून शब्द दिला, त्या भरवशावर आणखी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटाईचं मशीन) बुक केलंय. म्हणजे दुसरी पाळी आली आणि पाच माणसं तरी नवीन आली. बोनस हातात पडला की आमच्याकडं माणसं इकडची तिकडं होतात, चांगला ऑपरेटर मिळायचा तर याच पंधरवड्यात. त्यामुळे घाई आहे.

आत्ता मस्टरवर 17 जण आहेत. शिवाय डीबरिंगला (कडा घासायला) आणि माल चढवा-उतरवायला ठेकेदाराची चार मुलं जानेवारीपासून रोज येतात, त्यांचे पैसे मी ठेकेदाराला देतो. ईएसआय (कामगार विमा) 2019 पासून आहे. पीएफ नाही, कारण 20 च्या आत आहोत.

शेजारच्या शेडवाल्यांचा सल्ला असा की दोघांनाच मस्टरवर घे, 19 होतील, उरलेले तिघं ठेकेदाराच्या नावावर दाखव, पीएफच्या भानगडीत पडू नको. भाऊ म्हणतो, नवीन माणसं घेतली तर पगाराच्या 30 टक्के कर माफ होतो आणि वर सरकार माणशी 3,000 रुपये महिना देतं. दोन्ही ऐकीव. खरं काय आहे आणि माणूस घेतल्यावर कुठं काय भरायचं असतं, हे ज्यांनी स्वतः भरलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

विश्रामबाग · 5 नोव्हेंबर, सकाळी 11.05

दादा, अठरा वर्षं मी सांगली-मिरजेतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं आणि पीएफ-ईएसआय बघते. तुमचा पहिला आकडाच चुकलाय, तो आधी दुरुस्त करू. तुम्ही 17 नाही, आजच 21 आहात.

पीएफच्या 1952 च्या कायद्यात ठेकेदारामार्फत तुमच्या कामावर येणारा माणूसही कामगार म्हणून मोजला जातो. ज्यांचा पगार जास्त असल्यामुळे पीएफ कापावा लागत नाही, तेसुद्धा 20 च्या मोजणीत येतात. म्हणजे जानेवारीत ती चार मुलं तुमच्या शेडमध्ये आली त्या दिवशी तुम्ही 20 ओलांडले. ठेकेदाराचा स्वतःचा पीएफ कोड असेल आणि तो या चौघांच्या नावानं खरोखर भरत असेल तर चित्र वेगळं दिसेल. त्याच्याकडं दर महिन्याचं चलन आणि त्यातली नावांची यादी मागा. बहुतेक वेळा नुसतं चलन दाखवतात, नावं दाखवत नाहीत. एकदा कायदा लागू झाला की पुढं माणसं कमी होऊन 15 वर आली तरी तो सुटत नाही.

म्हणून शेजाऱ्यांचा 19 चा सल्ला सोडून द्या. तो हिशेब फक्त तुमच्या मस्टरवर खरा आहे. तपासणीला आलेला माणूस हजेरीच्या वहीबरोबर गेटवरची वही बघतो, ठेकेदाराची बिलं बघतो आणि मशीनवर उभ्या असलेल्या पोराला नाव विचारतो.

घाबरू नका, वेळ चांगली आहे. याच 1 नोव्हेंबरपासून पीएफची कर्मचारी नोंदणी योजना 2025 सुरू झाली, 30 एप्रिल 2026 पर्यंत आहे. 1 जुलै 2017 ते 31 ऑक्टोबर 2025 या काळात कामाला लागलेली, राहून गेलेली आणि आजही कामावर असलेली माणसं मालकानं स्वतः जाहीर करायची. त्यांच्या पगारातून कापलं नसेल तर कामगाराचा मागचा हिस्सा माफ. मालकानं आपला हिस्सा, त्यावरचं व्याज आणि प्रशासकीय शुल्क भरायचं, दंड फक्त 100 रुपये. ईएसआयचीही अशीच ‘स्प्री’ योजना 31 डिसेंबरपर्यंत आहे, त्या चार मुलांसाठी तिचा उपयोग करा.

कुपवाडकर · 5 नोव्हेंबर, दुपारी 2.40

ताई, रात्री झोप लागणार नाही असं वाचायला मिळालं, पण बरं झालं आत्ताच कळलं. ठेकेदाराला फोन केला. त्याचा कोड नाही.

मागचं साधारण किती बसेल?

विश्रामबाग · 5 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.20

रुजू होताना ज्यांचा पगार 15,000 च्या वर होता आणि जे आधी कधी पीएफचे सभासद नव्हते, ते बाजूला काढा. तुमचे व्हीएमसीचे ऑपरेटर त्यात जातील. उरलेल्यांचा हिशेब करा. समजा 14 जण उरले आणि सरासरी पगार 14,000 धरला. मालकाचा हिस्सा 12 टक्के, विम्याचे अर्धा टक्का, प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, असे 13 टक्के म्हणजे माणशी 1,820. दहा महिन्यांचे 2,54,800, वर व्याज. योजना नसती तर कामगारांचा 12 टक्के हिस्साही तुमच्याच खिशातून गेला असता, कारण मागच्या महिन्यांचं आता त्यांच्या पगारातून कापता येत नाही. ते आणखी 2,35,200. वर उशिराची नुकसानभरपाई दर महिन्याला थकबाकीच्या 1 टक्का.

मिरज एमआयडीसी · 5 नोव्हेंबर, रात्री 9.30

सरकारच्या 3,000 रुपयांबद्दल मी सांगतो. आमच्याकडं 34 माणसं, पीएफ कोड जुना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिघं नवीन घेतले.

योजनेचं नाव प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात लागलेल्या नोकऱ्यांना आहे. सरसकट 3,000 नाहीत. पीएफचा पगार 10,000 पर्यंत असेल तर महिना 1,000 पर्यंत, 10,000 च्या वर 20,000 पर्यंत 2,000, त्याच्या वर एक लाखापर्यंत 3,000. दोन वर्षं मिळतात, उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना चार वर्षं. 50 पेक्षा कमी कामगार असतील तर आधीच्या संख्येवर किमान दोन माणसं वाढायला लागतात, 50 किंवा जास्त असतील तर पाच. आणि ती माणसं सहा महिने टिकायला लागतात. एकच माणूस घेतला तर काही मिळत नाही, आमच्या बाजूच्याला तेच झालं.

कामगारालाही वेगळे मिळतात. आयुष्यात पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्याला एका महिन्याच्या पीएफ पगाराएवढे, जास्तीत जास्त 15,000, दोन हप्त्यांत. पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी आणि पैशाच्या व्यवहाराचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. कामगाराचे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, मालकाचे पॅनशी जोडलेल्या खात्यात.

आता खरी अडचण. 1 ऑगस्टपासून नवीन यूएएन नंबर (कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर) उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच निघतो, आपण ऑफिसात बसून काढून देऊ शकत नाही. आमच्याकडं जत तालुक्यातला एक मुलगा आला. त्याच्या फोनमध्ये जागा नाही, ॲप उतरेना. फोरमनचा फोन घेतला. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली तीनदा प्रयत्न केला, चेहरा जुळेना. त्याचं आधार कार्ड तो दहा-अकरा वर्षांचा असताना काढलेलं, फोटो तेव्हाचाच. शेवटी कपाळावरचा कूलंटचा ओघळ पुसला, शटरच्या बाहेर सकाळच्या उन्हात उभा केला तरी ‘जुळत नाही’च आलं. मग आधार केंद्रात नेऊन फोटो अद्ययावत केला, आठ-दहा दिवसांनी एका झटक्यात झालं. तेवढे दिवस त्याचं नाव ईसीआरमध्ये (पीएफच्या महिन्याच्या विवरणात) चढलं नव्हतं. म्हणून माणूस नक्की झाला की त्याच दिवशी आधारचा फोटो, स्पेलिंग आणि जोडलेला मोबाइल नंबर बघा. महिनाअखेरपर्यंत थांबू नका.

जत रोड · 6 नोव्हेंबर, सकाळी 7.10

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी मालक नाही, एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे.

2016 ते 2021 मी एका ठिकाणी प्रेसवर होतो. पाच वर्षं मस्टरवर नव्हतो. शनिवारी पाकिटात पैसे मिळायचे, नड पडली की उचल मिळायची. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, लग्नाला स्वतः येऊन आहेर केला. पण 2019 ला दोन बोटांची टोकं गेली तेव्हा ईएसआयचं कार्ड नव्हतं. खाजगीत पट्ट्या, मग ऑपरेशन. निम्मे पैसे मालकांनी दिले, निम्मे माझ्या उचलीत लिहिले. दीड वर्ष ती उचल फिटत होती. घरी बसलेल्या दोन महिन्यांचा पगार नाही. कार्ड असतं तर उपचार फुकट झाले असते, घरी बसल्याचे पैसे मिळाले असते, आणि अधूपण कायमचं म्हणून महिन्याला काहीतरी लागलं असतं.

पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. माझी ती पाच वर्षं कुठंच नाहीत. आता नवीन ठिकाणी 2021 पासून मोजली जातात.

कुपवाडकर साहेब, ती चार मुलं ठेकेदाराची असली तरी काम तुमच्या छपराखाली करतात. एवढंच सांगायचं होतं.

कुपवाडकर · 6 नोव्हेंबर, रात्री 9.00

दादा, वाचलं. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. चौघांनाही मस्टरवर घेतोय, ठेकेदार बंद. त्यांनाही धरून सगळे मिळून 26 होतील.

तुम्ही मला साहेब म्हणू नका.

तासगाव बेदाणा · 7 नोव्हेंबर, सकाळी 10.45

मधेच विचारतो, माफ करा. आमचं कोल्ड स्टोरेज आणि बेदाणा ग्रेडिंग आहे. फेब्रुवारीपासून तीन-चार महिने साठ-सत्तर बायका ग्रेडिंगला असतात, बाकी वर्षभर बारा माणसं. ऑडिट दरवर्षी होतं. आम्हाला ती 30 टक्क्यांची वजावट मिळते का? आणि बायकांचा प्रोफेशन टॅक्स कापायचा का? गावात कुणी कापतं, कुणी नाही.

विश्रामबाग · 7 नोव्हेंबर, दुपारी 12.30

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. कापू नका. 1 एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर प्रोफेशन टॅक्स नाही. पुरुषांना 7,500 पर्यंत नाही, 10,000 पर्यंत 175, त्याच्या वर 200 आणि फेब्रुवारीत 300. ज्यांनी ग्रेडिंगच्या बायकांचे कापले त्यांनी परत द्यावेत. तीन महिन्यांच्या कमाईतून दोनशे-दोनशे रुपये जातात, ते त्या घराला जाणवतात.

पहिला प्रश्न सीए लोकांसाठी ठेवते. 10 तारखेपर्यंत त्यांच्यापैकी कुणी दिसणार नाही.

पोवई नाका · 11 नोव्हेंबर, रात्री 8.15

ताईंनी बरोबर ओळखलं. ऑडिट रिपोर्टची तारीख यंदा वाढत वाढत 10 नोव्हेंबरला आली, काल रात्री शेवटचा अपलोड केला. साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. धागा आज सलग वाचला.

कुपवाडकर, तुमच्या भावाला सांगा, 30 टक्के कर माफ होत नाही. कलम 80जेजेएए म्हणजे उत्पन्नातून वजावट. नवीन कामगाराला दिलेला पगार खर्च म्हणून वजा होतोच, त्याच्यावर त्या पगाराच्या 30 टक्के आणखी वजा होतात, सलग तीन वर्षं. 15,000 पगाराचा माणूस, वर्षाचे 1,80,000, त्याचे 30 टक्के 54,000. फर्मला उपकरासह 31.2 टक्के कर पडतो, म्हणजे माणशी वर्षाला 16,848 रुपये वाचतात. पाच माणसांचे 84,240. रक्कम लहान नाही, पण तिच्यापर्यंत पोचायची वाट अरुंद आहे.

कामगाराचा पगार महिना 25,000 पर्यंत हवा. तो पीएफमध्ये हवा. पगार बँकेतून गेलेला हवा, रोख दिलेला धरत नाहीत. गेल्या 31 मार्चला जेवढी माणसं होती त्याच्यापेक्षा संख्या वाढलेली हवी, एक सोडून गेला आणि त्याच्या जागी एक आला ही वाढ नाही. जुनी फर्म मोडून नव्या नावानं उघडली तर चालत नाही. सीएचं प्रमाणपत्र फॉर्म 10डीएमध्ये, ऑडिट रिपोर्टच्याच मुदतीत. आणि रिटर्न वेळेत. रिटर्नला एक दिवस उशीर झाला तरी वजावट पूर्ण जाते. असे दोन जण यंदा माझ्याकडं आले, दोघांची माणसं, पीएफ, सगळं चोख होतं. काही करता आलं नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 240 दिवसांवर. त्या आर्थिक वर्षात माणूस 240 दिवस नोकरीत हवा. 31 मार्चपासून मागं मोजा, 4 ऑगस्ट येतो. 4 ऑगस्टच्या आत रुजू झालेला माणूस त्याच वर्षी धरला जातो, 5 ऑगस्टचा नाही. तुम्ही नोव्हेंबरच्या मध्याला घेताय, मार्चपर्यंत साडेचार महिनेच होतात. पण 2018 च्या दुरुस्तीनं सोय झाली आहे. पहिल्या वर्षी दिवस भरले नाहीत आणि पुढच्या वर्षी भरले, तर तो पुढच्या वर्षी रुजू झाला असं धरतात आणि तीन वर्षं तिथून सुरू होतात. म्हणजे तुमची वजावट 2026-27 पासून. 1 एप्रिल 2026 ला नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमाचा आकडा बदलेल, वजावट आहे.

तासगावकर, तुमच्या ग्रेडिंगच्या महिलांचे 240 दिवस कधीच भरणार नाहीत. 150 दिवसांची सवलत फक्त तयार कपडे, पादत्राणं आणि चामड्याच्या धंद्याला आहे. बेदाणा, हळद, गूळ, आपल्या भागात सगळ्यात जास्त हात लागतात ते हंगामी धंदे यातून बाहेर राहिले. मला हे पटत नाही आणि संधी मिळेल तिथं मी ते मांडतो.

कुपवाडकर · 11 नोव्हेंबर, रात्री 9.50

सीए साहेब, फार आभारी आहे. आमची उलाढाल 3 कोटी 80 लाखांची. ऑपरेटरांचा पगार बँकेत, हेल्परचा शनिवारी रोख, उचल सगळी रोख. काही पात्रता अडते का?

पोवई नाका · 11 नोव्हेंबर, रात्री 11.05

तुमच्या एका वाक्यात दोन गाठी आहेत, सावकाश सोडवू.

ही वजावट फक्त ज्यांना कलम 44एबीखाली ऑडिट लागू आहे त्यांनाच मिळते. ऑडिटची मर्यादा एक कोटी, पण रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत आणि रोखीचा खर्चही 5 टक्क्यांच्या आत असेल तर ती दहा कोटी होते. तुमची उलाढाल 3.8 कोटी असूनही ऑडिट होतं, ते बहुधा रोखीचा खर्च 5 टक्क्यांच्या वर जातो म्हणून.

आता बघा काय होतं. हेल्परांचे पगारही बँकेतून सुरू केले, उचल बँकेतून दिली, की तुमची रोख 5 टक्क्यांच्या खाली येईल. ऑडिट सुटेल आणि त्याच्याबरोबर 80जेजेएएसुद्धा सुटेल. व्यवहार स्वच्छ केला म्हणून वजावट गेली. कायदा करणाऱ्यांनी 2020 आणि 2021 ला ऑडिटची मर्यादा वाढवली तेव्हा या वजावटीतली ऑडिटची अट तशीच राहिली, आणि दहा कोटींच्या आतले, रोज नवीन माणूस घेणारे कारखाने बाहेर पडले. पाच-सहा कोटींच्या कितीतरी युनिटना मला हे सांगावं लागलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

कुपवाडकर · 11 नोव्हेंबर, रात्री 11.30

म्हणजे वजावटीसाठी जुन्यांचे पगार रोखीतच ठेवायचे?

पोवई नाका · 12 नोव्हेंबर, सकाळी 8.40

कागदावर ते शक्य आहे. नवीन माणसांना बँकेतून, जुन्यांना रोख, ऑडिट चालू, वजावट चालू. पण तसं करू नका असंच मी सांगेन. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख गेली तर तो खर्चच धरत नाहीत, आणि दिवाळीच्या उचलीत ते हमखास होतं. शिवाय रोखीच्या पगाराला पुरावा म्हणजे अंगठा. उद्या पीएफ-ईएसआयच्या पगाराशी त्याचा मेळ घालताना तुमचाच जीव मेटाकुटीला येईल.

पगार बँकेत न्या. एखाद्या वर्षी रोखीच्या जमेमुळे किंवा उलाढाल दहा कोटींच्या वर गेल्यामुळे ऑडिट लागलं तर तुमच्याकडं पीएफ, बँक, रुजू तारीख सगळं तयार असेल, वजावट घ्या. पण या 84,000 वर मशीनचा हप्ता ठरवू नका.

विश्रामबाग · 12 नोव्हेंबर, सकाळी 11.15

मिरजकरांनी सांगितलेल्या योजनेला ऑडिटची अट नाही, त्यामुळे तुमच्यासाठी तीच महत्त्वाची. पाच नवीन माणसं, 15,000 पगार. तुमचा पीएफचा खर्च माणशी 1,950, पाच जणांचे 9,750. योजनेतून माणशी 2,000 धरले तर 10,000. चार वर्षं तुमचा पीएफ जवळपास सरकार भरतंय असं समजा. तुमचा कोड नवा असेल, तेव्हा आधीची संख्या किती धरली आहे ते मालकाच्या लॉगिनवर तपासा, त्याच्यावर वाढलेल्यांचंच मिळतं. आणि पैसे सहा महिन्यांनंतर येतात, तोपर्यंत ईसीआर एकही महिना चुकता कामा नये.

आता भरायचं काय आणि कधी, जे तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं. 15 तारीख भिंतीवर लाल शाईनं लिहा. मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय दोन्ही 15 च्या आत. ईएसआय 21,000 पगारापर्यंत, कामगाराचे पाऊण टक्के, तुमचे सव्वातीन टक्के. 15,000 वर तुमचे 487.50.

15 ला एवढं का धरून बसते ते सांगते. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे तुमचे नाहीतच, ते त्याचे आहेत आणि तुमच्या हातातून फक्त जातात. ते 15 नंतर भरले तर यंदाच्या (2025-26) आयकरात खर्च म्हणून कायमचे धरत नाहीत. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर शेवटचा शब्द दिला. मालकाचा स्वतःचा हिस्सा रिटर्नच्या तारखेपर्यंत भरला तरी चालतो, कामगाराचा चालत नाही. तुमच्या 14 जणांचे महिन्याचे 23,520 होतात. एक दिवस उशीर झाला तर तेवढं उत्पन्नात चढतं आणि सात हजारांच्या वर कर बसतो. साइट 14 ला संध्याकाळी हमखास रखडते. माझे सगळे पक्षकार 10 ला भरतात, कुणी 12 ला गेला तर मी फोन करते.

प्रोफेशन टॅक्सच्या दोन नोंदण्या असतात, एक कामगारांचा कापून भरायची आणि एक स्वतःची वर्षाला 2,500 ची, ती जूनअखेर. प्रत्येक भागीदाराची स्वतःची वेगळी, हे लोक विसरतात. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून, कामगाराचे 25, तुमचे 75, भरायचे 15 जुलै आणि 15 जानेवारीच्या आत. 15,000 च्या पगारावर टीडीएसचा प्रश्न येत नाही. यंदा 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत करच नाही. पण ठेकेदाराला जे दिलंत ते वर्षात एक लाखाच्या वर गेलं असेल, त्यावर टीडीएस कापलाय का ते सीएंना विचारा.

कुपवाडकर · 12 नोव्हेंबर, दुपारी 1.10

नाही कापलेला. आज दुपारीच त्यांच्याकडं जातो.

मिरज एमआयडीसी · 13 नोव्हेंबर, रात्री 8.30

एक भर घालतो. आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून घेतली तर विद्यावेतनाच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 महिना, केंद्र सरकार देतं. शिकाऊ कायद्याखाली करार नोंदवलेला असला तर पीएफ-ईएसआय लागत नाही. पण करार पोर्टलवर नोंदवलेला हवा. नुसतं ‘हा शिकाऊ आहे’ म्हटलं तर तो कामगारच. आम्ही दोघं घेतले होते, त्यातला एक आज व्हीएमसीचा सेटर आहे.

तासगाव बेदाणा · 14 नोव्हेंबर, सकाळी 9.20

वजावट नाही ते कळलं. बायकांच्या प्रोफेशन टॅक्सचे गेल्या हंगामातले कापलेले पैसे परत करायचं ठरवलंय. यादी काढली, 41 जणी. काही कर्नाटकातून आलेल्या, पण त्यांची मुकादम बाई या हंगामाला परत येणार आहे.

कुपवाडकर · 25 नोव्हेंबर, रात्री 10.40

उशिरा लिहितोय, पण झालेलं सगळं सांगतो.

पीएफचा कोड निघाला. मागची थकबाकी ताईंच्या हिशेबाच्या आसपासच बसली. रक्कम मोठी आहे, मशीनच्या मार्जिनमधून काढली आणि डिलरला हप्ता एक महिना पुढं मागितला, त्यानं दिला. ठेकेदाराच्या चार मुलांचे यूएएन निघाले. त्यातल्या एकाचा आधीच निघालेला होता. कुठल्याशा जुन्या कारखान्यानं त्याच्या नावानं सात महिने भरले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. पासबुक दाखवलं तर बराच वेळ फोनकडं बघत राहिला, मग बायकोला फोन लावून आकडा सांगितला.

हेल्परांची बँक खाती उघडली. उचल आता दर महिन्याच्या 20 ला खात्यात जाते. पहिल्या शनिवारी कुरबुर झाली, आठवड्याच्या बाजाराचे पैसे हातात लागतात म्हणाले. म्हणून पगाराचा चौथा भाग दर शनिवारी खात्यात टाकतोय. काम वाढलं, पण जमतंय.

मधेच 21 नोव्हेंबरला चार श्रम संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे, म्हणून सगळ्या 26 जणांची पत्रं मराठीत तयार करतोय. ताई, एक शंका. नवीन पाचातले दोघं 17 तारखेपासून ट्रायलवर आहेत, बाकीचे तिघं काल आले. ट्रायलवाल्यांना नक्की 1 डिसेंबरपासून करायचं ठरलंय. पत्रावर 1 डिसेंबर घालू ना?

विश्रामबाग · 26 नोव्हेंबर, सकाळी 9.05

नाही. ट्रायल असो, शिकाऊ म्हणा, बदली म्हणा, तो तुमच्या मशीनवर पहिल्यांदा उभा राहिला ती तारीख. ईएसआयला नोंदही त्या दिवसापासून. या चौदा दिवसांत त्याच्या हाताला काही झालं तर तुमच्याकडं त्याचं नाव कुठंच नसेल. योजनेचे सहा महिने, सीएंचे 240 दिवस, त्याची पेन्शनची वर्षं, सगळं त्याच तारखेपासून मोजलं जाणार आहे.

जत रोड · 26 नोव्हेंबर, सकाळी 9.40

आणि पत्राची एक प्रत त्यांच्या घरी ठेवायला सांगा. आमच्यात मस्टर कारखान्यात असतं, आपल्याकडं काहीच नसतं.

कुपवाडकर · 26 नोव्हेंबर, दुपारी 12.15

17 नोव्हेंबर घातली. दोन-दोन प्रती काढल्या, एकावर त्यांची सही घेतली, एक त्यांना दिली.